चौघांचा एक तळ : आईबाबा आणि मैत्रिणीसोबत पहिल्यांदा कॅम्पिंग म्युझिक फेस्टिव्हलला जाताना

आमच्या पहिल्या फेस्टिव्हलच्या पहिल्या संध्याकाळी आम्ही चौघांनी गाणी ऐकलीच नाहीत, एकमेकांना शोधलं. "झेंड्याच्या खांबापाशी भेटू" असं ठरलं होतं. मैदानावर झेंड्यांचे खांब चौदा निघाले. आई एकापाशी बॅगा सांभाळत उभी, बाबा पाण्याच्या नळाच्या रांगेत, मी आणि मैत्रीण भलत्याच खांबापाशी. फोन लागत नव्हते. ज्या बँडसाठी आम्ही दोघी कित्येक महिने दिवस मोजत होतो, त्यांचं शेवटचं गाणं आमच्या कानावर पडलं ते स्टेजकडे पाठ करून चालताना. रात्री तंबूत कुणी कुणाशी धड बोललं नाही.

पुढे पाऊस आला, चिखल झाला, तंबूची एक दोरी तुटली. त्यातलं काहीच इतकं लागलं नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी सामानाच्या यादीआधी एक गोष्ट सांगते : चौघांपैकी कुणालाही कुणासाठी ताटकळत उभं राहावं लागणार नाही, अशी सगळी आखणी करा. तंबू कुठे ठोकायचा, वेळापत्रक कसं लावायचं, रात्री कधी परतायचं, ही बहुतेक उत्तरं मग आपोआप मिळतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधलं ग्लॅस्टनबरी (१९७० पासून) किंवा डेन्मार्कमधलं रॉसकिल्डे (१९७१ पासून) ही या प्रकारातली जुनी, मोठी नावं. मोकळ्या रानात किंवा शेतात काही दिवस मुक्काम, एका बाजूला तंबूंची वस्ती, दुसऱ्या बाजूला अनेक स्टेज आणि त्यांवर एकाच वेळी चाललेले वेगवेगळे कार्यक्रम. मोठ्या फेस्टिव्हलमध्ये तंबूपासून मुख्य स्टेजपर्यंत अर्धा तास चालावं लागणं अगदी साधी गोष्ट आहे. ही पायपीट धरूनच पुढचं सगळं वाचा.

तिकिटाआधी बोलणं

चौघं एकत्र बसा आणि प्रत्येकाने फक्त दोन गोष्टी सांगा : मला काय ऐकायचंच आहे आणि मला काय अजिबात जमणार नाही. आमच्याकडे हे दुसऱ्या वर्षी झालं. बाबांना दुपारच्या छोट्या स्टेजवरचं नुसत्या गिटारवरचं गाणं हवं होतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते "मुलींना सोबत म्हणून" येत आहेत असं मी धरून चालले होते. आईला गर्दीत उभं राहायला जमत नव्हतं, पण लांबून, बसून ऐकायला रात्री बारापर्यंतही तिची ना नव्हती. आईबाबांना पहारेकरी समजून नेलं, की ते पहारेकऱ्यासारखेच वागतात. त्यांचंही तिकीट आहे, त्यांनाही गाणी ऐकायची आहेत, असं धरा.

मैत्रिणीशी मात्र वेगळं, एकटीशी बोला. दुसऱ्याच्या आईवडिलांसोबत राहणारी मुलगी कितीही मोकळी असली तरी पाहुणीच असते. "काकू, मला भूक लागली आहे" किंवा "मला आज झोपायचंय, स्टेजकडे नाही यायचं" हे ती आईला सांगणार नाही. आई दहादा "घरच्यासारखी राहा गं" म्हणाली तरी नाही सांगणार. माझी मैत्रीण तीन दिवस पायाला फोड घेऊन आमच्या चालीने चालली आणि परतीच्या गाडीत मोजा काढल्यावर आम्हाला कळलं. तेव्हापासून आमचा नेम आहे : रोज सकाळी दात घासायला आम्ही दोघीच जातो आणि तिथे ती मला खरं काय ते सांगते. मग आईपुढे ती गोष्ट मी माझ्या नावावर मांडते.

मैत्रीण किंवा मित्र अठराच्या आतला असेल, तर त्याच्या पालकांची लेखी संमती, त्यांचा संपर्क आणि औषधांची, ॲलर्जीची माहिती तुमच्या आईबाबांच्या हातात असू द्या. अनेक फेस्टिव्हलमध्ये ठराविक वयाखालच्या मुलांना जबाबदार मोठ्या माणसाशिवाय आत सोडत नाहीत, आणि एका मोठ्या माणसाबरोबर किती मुलं चालतात याचाही नियम असतो. वयाचा हा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा, तेव्हा तुमच्या तिकिटासोबतचाच वाचा.

पैशांचंही तेव्हाच उरका. आम्ही चौघांचं एक सामाईक पाकीट करतो, जेवणखाण त्यातून आणि बाकीचं ज्याचं त्याचं. दर खेपेला "असू दे, मी देते" ही ओढाताण रांगेत उभ्या असलेल्या मागच्या माणसालाही नको असते.

कोणत्या आवारात राहायचं

मोठ्या फेस्टिव्हलमध्ये तंबूंची आवारं वेगवेगळी असतात : सर्वसाधारण, कुटुंबांसाठी, शांत, गाडीतच झोपणाऱ्यांसाठी आणि आयोजकांनीच आधी उभारलेल्या तंबूंचं. ग्लॅस्टनबरीत कुटुंबांसाठी कॉकमिल मेडो आणि विकेट ग्राउंड अशी राखीव शेतं आहेत, रॉसकिल्डेमध्ये 'सायलेंट अँड क्लीन' नावाचा शांत भाग आहे. सर्वसाधारण आवारात पहाटे चारपर्यंत शेजारच्या तंबूतलं गाणं थांबत नाही. तुम्हाला त्यात मजा वाटेल, आईबाबांना वाटणार नाही, आणि दोन रात्री झोप न झालेले आईबाबा तिसऱ्या दिवशी कसे असतात हे सांगायला नको. शांत आवार निवडा. तुमचा धिंगाणा स्टेजकडे होणारच आहे.

चौघांनी दोन वेगळी आवारं घ्यावीत का? माझं मत नाही असं आहे. एक तळ असला, की चुकामूक झाली तरी सगळे शेवटी तिथेच पोचतात.

आईबाबांपैकी कुणाला चालण्याचा त्रास असेल, ऐकू कमी येत असेल किंवा सतत औषधं लागत असतील, तर आयोजकांना तिकीट काढतानाच कळवा. अनेक मोठ्या फेस्टिव्हलमध्ये उंचावर बसून पाहण्याचे चौथरे, जवळची पार्किंग, वेगळी स्वच्छतागृहं, काही ठिकाणी मदतनिसाला मोफत प्रवेश अशी सोय असते. तिच्यासाठी अर्ज आधी करावा लागतो, फाटकावर पोचल्यावर काही होत नाही.

सामान : थोडं, पण झोपेचं चांगलं

तंबूवर "चार जणांसाठी" असं लिहिलेलं असेल, तर तो चार जण खांद्याला खांदा लावून, बॅगांशिवाय झोपतील एवढाच असतो. चौघांसाठी दोन तंबू न्या, प्रत्येकी "तीन जणांचा". एकात आईबाबा, एकात तुम्ही दोघी. तोंडं समोरासमोर आणि मधे एक छत ताणून घेतलं, की बसायला ओसरी तयार होते. कापडाची पाणी अडवण्याची ताकद मिलिमीटरमध्ये दिलेली असते : १५०० म्हणजे कामचलाऊ, ३००० असेल तर रात्रभराच्या पावसातही निवांत झोप. तंबू घरी एकदा उभारून बघा. मेखा किती आहेत ते मोजा. कुणाकडून मागून आणलेला तंबू असेल, तर दोनदा मोजा.

थंडी वरून वाजते असं आपल्याला वाटतं, पण झोपेतली उब जास्त करून खालची जमीन ओढून घेते. नुसत्या हवेच्या गादीत हवा आत फिरत राहते, म्हणून ती मऊ असली तरी गार लागते. तिच्याखाली फोमची चटई टाकली की फरक लगेच जाणवतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी घडीची खाट न्या. जमिनीवरून उठताना होणारा त्रास सकाळी सहाला सगळ्यात जास्त असतो. घडीच्या दोन खुर्च्याही घ्या. माझी आई अख्खा फेस्टिव्हल एका खुर्चीच्या जिवावर काढते.

प्रत्येकाला स्वतःचा हेडटॉर्च हवा. फोनच्या उजेडात स्वच्छतागृहात जाऊन बघा, म्हणजे हात मोकळे असण्याची किंमत कळेल. पॉवर बँक दोन, आईबाबांची एक आणि तुमची एक. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात फोन दीड-दोन वेळाच भरतो, कारण वीज एका बॅटरीतून दुसरीत जाताना बरीच वाया जाते. काचेच्या बाटल्या बहुतेक ठिकाणी फाटकावरच काढून घेतात, म्हणून पाण्यासाठी धातूची किंवा जाड प्लास्टिकची बाटली न्या, ती नळावर भरता येते. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा, म्हणजे झडतीत वेळ जाणार नाही. इन्सुलिनसारखी थंड ठेवायची औषधं ठेवून घेण्याची सोय वैद्यकीय तंबूत आहे का, हे आधी पत्र पाठवून विचारा.

मोजे मोजून जितके दिवस त्याच्या दुप्पट. गमबूट नेले तरी त्यांतच दिवसभर चालू नका, पाय सोलतात. वापरून मऊ झालेले जुने बूट हेच मुख्य बूट.

तळ ठोकणं

पहिल्या दिवशी जितक्या लवकर पोचता येईल तितक्या लवकर पोचा. दुपारनंतर आलेल्यांना उरतो तो उतार, नाहीतर स्वच्छतागृहांच्या वाटेवरची पट्टी. एकाने सामानापाशी थांबायचं आणि दोघांनी हातात काही न घेता जागा हेरायला जायचं. पाठीवर बिऱ्हाड घेऊन जागा शोधणारा माणूस पहिल्या सपाट तुकड्यावर फतकल मारतो.

जागा कशी हवी? खोलगट नको, पाऊस आला की तिथेच तळं साचतं. स्वच्छतागृहांपासून दोन-तीन मिनिटांवर हवी, पण त्यांच्या वाटेला लागून नको. रात्रभर तिथून माणसं जातात आणि अंधारात तुमच्या दोऱ्यांना अडखळून तंबूवर पडतात. जनरेटर आणि दिव्यांचे उंच खांब यांपासूनही लांब. पूर्वेला झाडांची रांग असेल, तर तिच्या सावलीत तंबू उशिरा तापतो. नाहीतर सूर्य वर आला की तासाभरात आत भट्टी होते आणि रात्री दोनला झोपलेली माणसं सातला घामाघूम होऊन बाहेर येतात. झाडाच्या अगदी खाली मात्र नको, वाळकी फांदी कधी पडेल सांगता येत नाही.

तंबूचं दार वाऱ्याच्या दिशेला करू नका. मेख ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, साधारण ४५ अंशांत, म्हणजे दोरीने ओढलं तरी ती उपटत नाही. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा. आणि आपला तंबू ओळखू येईल असं काहीतरी उंच उभारा. एका रात्री बाबांनी पूर्ण विश्वासाने दुसऱ्यांच्या तंबूची झिप उघडली होती. आतली माणसं समजूतदार निघाली. बाबा मात्र अजूनही म्हणतात, की तंबू आपल्यासारखाच होता.

एक गोष्ट मात्र चर्चेची नाही. तंबूच्या आत किंवा त्याच्या बंद ओसरीत शेगडी, कोळसे, गॅसचा दिवा काहीही पेटवायचं नाही, कितीही थंडी असो. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही. विझल्यासारखी दिसणारी कोळशाची शेगडीसुद्धा तो वायू सोडत राहते, म्हणून तीही आत आणू नका.

करार : कोण, कुठे, किती वाजता

आता मुख्य काम. सगळे तंबू ठोकून झाले, की पहिल्या कार्यक्रमाला जाण्याआधी चौघांनी एकत्र मैदान फिरून या आणि दोन जागा ठरवा. एक आतली, म्हणजे स्टेजच्या बाजूची, जी मैदानात एकच आहे. झेंडा, खांब, "मोठं झाड", फुगा हे सगळं बाद. माहिती केंद्राचा दरवाजा, वैद्यकीय तंबूची डावी बाजू, अशा जागा चालतात. तिथे माणूस असतो आणि त्या हलत नाहीत. दुसरी जागा म्हणजे तुमचा तंबू.

मग वेळा. आमचा नियम असा आहे : दुपारी एक आणि संध्याकाळी सहा या दोन वेळांना आतल्या जागेपाशी यायचं, दहा मिनिटं थांबायचं, कुणी आलं नाही तर निघून जायचं. रागवायचं नाही, फोन लावत बसायचं नाही. तो माणूस पुढच्या वेळेला येईल, किंवा रात्री तंबूत दिसेल. ही दहा मिनिटांची मर्यादा आईला पहिल्यांदा निर्दय वाटली होती. दुसऱ्या दिवशी तीच आठव्या मिनिटाला घड्याळ बघत होती, कारण तिला एका गायिकेचा कार्यक्रम गाठायचा होता.

हा नियम पाळला जावा म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ हवं. हजारो माणसं एकाच टॉवरवर आली, की फोन लागत नाही. साधा एसएमएस त्यातल्या त्यात पोचतो, कारण त्याला फार थोडी जागा लागते, पण तोही कधीकधी तासाभराने. म्हणून निरोप लिहिताना वेळ लिहा. "मी नळापाशी आहे" हा निरोप पाऊण तासाने मिळाला तर घोटाळाच. "४.१० ला नळापाशी, ४.२५ ला छोट्या स्टेजकडे निघाले" असा हवा. तिकीट, नकाशा, वेळापत्रक यांचे स्क्रीनशॉट घरूनच काढून ठेवा, आणि तिघांचे नंबर एका कागदावर लिहून खिशात. फोन मेल्यावर आईचा नंबर पाठ नसल्याचं लक्षात येणं फार लाजिरवाणं असतं.

वेळापत्रक आखताना प्रत्येकाने दिवसाचे दोनच कार्यक्रम पक्के धरावेत. बाकीचं वाटेत जे भेटेल ते. कार्यक्रम लांबतात, क्रम बदलतो. अमेरिकेतल्या १९६९च्या वुडस्टॉक फेस्टिव्हलला गिटारवादक जिमी हेंड्रिक्स रविवारी रात्री वाजवणार होता आणि प्रत्यक्षात सोमवारी सकाळी स्टेजवर आला, तोवर बरीचशी गर्दी घरी निघून गेली होती. आज इतकं घसरत नाही, पण अर्ध्या तासाचा फरक पडतोच. दोन स्टेजांच्या मधे चालायला वीस मिनिटं लागत असतील, तर पाठोपाठचे दोन कार्यक्रम पूर्ण बघण्याचा हट्ट सोडून द्या.

आणि चौघं मिळून एक कार्यक्रम रोज. फक्त एक. तो कुणाच्या आवडीचा हे आळीपाळीने. बाबांच्या पाळीला मी तोंड वाकडं करून गेले होते, आता त्या गायकाची गाणी माझ्याच फोनमध्ये जास्त आहेत.

स्टेजसमोर : कान आणि गर्दी

इअरप्लग चौघांनाही हवेत. हे म्हाताऱ्यांचं काम आहे असं मी समजत होते, आणि पहिल्या वर्षी दोन दिवस कानात शिटी घेऊन घरी फिरत होते. हिशोब सोपा आहे. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली, ती सरासरी १०० डेसिबलची. म्हणजे मर्यादेत वाजणारा कार्यक्रमही दीड तास उघड्या कानांनी ऐकायचा नसतो.

फोमचे इअरप्लग स्वस्त असतात, पण आवाज गढूळ करतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले घेतले, तर गाणं स्पष्ट राहतं आणि फक्त हळू होतं. आईबाबा पहिल्या पाच मिनिटांत "यात काही ऐकू येत नाही" म्हणून काढतील, तेव्हा तुम्ही आधीच फिल्टरवाले घेऊन ठेवा. झोपताना मात्र फोमचेच. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सारायचे आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट तसंच ठेवायचं. बहुतेक लोक नुसते कानाच्या तोंडाशी खोचतात आणि मग म्हणतात की उपयोग होत नाही.

उभं कुठे राहायचं? ध्वनिमिश्रणाचं टेबल जिथे असतं, त्याच्या आसपास. सगळा आवाज तिथे बसलेल्या माणसाच्या कानांनी जुळवलेला असतो, म्हणून मैदानातली सगळ्यात चांगली ऐकण्याची जागा तीच. टेबलाभोवती कठडा असतो, आईला टेकायला होतं. कठड्याच्या मागच्या बाजूला गर्दीचा रेटाही कमी असतो.

तुम्हाला दोघींना अगदी पुढे जायचं असेल, तर जा, पण दोघींनीच जा आणि बाहेर पडण्याची वाट आधी बघून ठेवा. ३० जून २००० रोजी रॉसकिल्डेमध्ये पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात पुढच्या गर्दीत माणसं पडली आणि नऊ तरुणांचा जीव गेला. गर्दीत माणसं बहुतेकदा तुडवली जाण्याने मरत नाहीत, दाबाने श्वास घेता येत नाही म्हणून मरतात. खूण अशी : हात वर करून चेहऱ्याला लावता येत नसेल, किंवा आपण न चालताही सरकत असू, तर तेव्हाच निघायचं. गाणं संपण्याची वाट बघायची नाही. दोन्ही हात छातीपुढे घेऊन श्वासाला जागा करायची, गर्दीच्या लाटेच्या उलट ढकलायचं नाही, लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरकायचं. खाली पडलेली वस्तू, फोनसुद्धा, उचलायला वाकायचं नाही. कुणी पडलं तर उचला आणि आसपासच्यांना ओरडून थांबवा.

रात्र

परतण्याची वेळ घड्याळाने ठरवलीत तर भांडण होतं, कारण कार्यक्रम घड्याळाने चालत नाही. आम्ही असं ठरवलं : शेवटचा ठरलेला कार्यक्रम संपला की पाऊण तासात तंबूत. कुठला कार्यक्रम शेवटचा, हे संध्याकाळी सहाच्या भेटीत सांगायचं. आणि आईबाबांच्या तंबूच्या दारावर एक रुमाल टांगलेला असतो, आम्ही परतलो की तो काढून घेतो. आईला मध्यरात्री जाग आली, की ती झिप चार बोटं उघडून बघते. रुमाल नाही, म्हणजे मुली आल्या. ना हाक, ना टॉर्च, ना "किती वाजता आलात?"

दारू आणि इतर नशेबद्दल घरून निघण्याआधीच स्पष्ट बोला, तिथे पोचल्यावर नाही. आईबाबांना माझी एक विनंती : पोरांना इतकं नक्की सांगा, की कुणाची तब्येत बिघडली तर आधी मदत मागायची, ओरडा नंतर. घाबरून लपवण्यात वेळ गेला, की साधं प्रकरण हाताबाहेर जातं. वैद्यकीय तंबूतल्या लोकांना काय घेतलं ते खरं सांगायचं. बेशुद्ध माणसाला उताणं ठेवायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि एकटं सोडायचं नाही. स्वतःचा पेला हातातून खाली ठेवला तर तो परत उचलायचा नाही, नवा घ्यायचा.

स्वच्छतागृहांबद्दल फार लिहीत नाही. टिश्यूचा रोल स्वतःचा न्या, सकाळी सफाई झाल्या झाल्या जा, आणि मुख्य कार्यक्रम चालू असताना रांग नसते. फक्त एक : हातावर लावायची जेल जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर फारशी चालत नाही, जेवणाआधी साबण आणि पाणीच. एकाला जुलाब लागले, की एका तंबूतली दोन माणसं आजारी पडायला वेळ लागत नाही.

आभाळ बिघडलं तर

पावसाला घाबरू नका, गारठ्याला घाबरा. प्रत्येकाचा कपड्यांचा एक पूर्ण जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि तो फक्त झोपताना घाला. दिवसभर भिजलेलं चालतं, रात्री कोरडं हवं. ओल्या मोज्यांत दिवसचे दिवस राहिलेले पाय पांढरे पडतात, सुजतात, म्हणून दिवसातून एकदा मोजे काढून पाय पुसा आणि वाळू द्या.

विजा चमकू लागल्या तर तंबूत थांबू नका, कापड आणि दांड्या काहीच वाचवत नाहीत. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल, तर पक्क्या इमारतीत किंवा धातूच्या छताच्या बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा. आयोजक ध्वनिक्षेपकावरून काही सांगत असतील, तर ते या सगळ्याच्या वर.

उन्हाचं उलटं. तहान लागायच्या आधी घोट घोट पाणी, दुपारचे दोन तास सावलीत, डोक्यावर टोपी. आईबाबांपैकी कुणी रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर ऊन त्यांना लवकर लागतं. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं ही सुरुवात. माणूस बरळू लागला, तर थेट वैद्यकीय तंबू गाठा.

गाशा गुंडाळणं

शेवटच्या रात्रीनंतरच्या सकाळी नऊ ते एक या वेळात सगळेच निघतात आणि गाड्या तासन्‌तास जागच्या हलत नाहीत. एकतर पहाटे उठून निघा, नाहीतर निवांत दुपार होऊ द्या. गाडी चालवणाऱ्याने आदल्या रात्री नीट झोपलेलं असायलाच हवं. आमच्याकडे बाबा शेवटचा मोठा कार्यक्रम सोडून लवकर झोपायचे, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग मैत्रिणीला गाडी चालवता येऊ लागली आणि तिने त्यांची पाळी घेतली. त्या वर्षी बाबा पहिल्यांदाच शेवटचं गाणं संपेपर्यंत थांबले आणि रुमाल काढायचं विसरले. आई रात्रभर दर तासाला झिप उघडत राहिली.

तंबू तिथेच टाकून येऊ नका. "कुणा गरजूला देतात" अशी समजूत असते, पण टाकलेले बहुतेक तंबू कचऱ्यातच जातात. मेखा एकेक मोजून उपटा, गवतात राहिलेली एक मेखसुद्धा नंतर तिथे चरणाऱ्या जनावराच्या पायात जाते. घरी पोचल्यावर अंघोळीआधी तंबू पिशवीतून काढा आणि कुठेतरी पसरून टाका. दोन दिवस ओला गुंडाळलेला राहिला, तर त्याला बुरशी लागते आणि तो वास पुढच्या वर्षापर्यंत जात नाही.